गाडीच्या रंगावरची जाळी: चरे कसे काढावेत आणि चमक कशी टिकवावी

दिवसा बरी दिसणारी गाडी रात्री पेट्रोल पंपाच्या एलईडी दिव्याखाली उभी केली, की बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांची वर्तुळे दिसू लागतात. डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी बारकाईने साफ करून चमकवण्याच्या, धंद्यातले लोक त्यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. मी त्यांना सरळ जाळी म्हणतो. माझ्या काळ्या गाडीवर ती मला पहिल्यांदा दिसली ती निपाणीजवळ महामार्गावरच्या एका पंपावर, आणि तेव्हा गाडी घेऊन दीड वर्षही झाले नव्हते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही जाळी तेवढीच असते, फक्त ती चटकन नजरेत भरत नाही.

वर्तुळे दिसतात म्हणून कोणीतरी फडका गोल गोल फिरवला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात चरे वाटेल त्या दिशेला गेलेले आणि बरेचसे सरळच असतात. त्यांपैकी जे चरे दिव्याच्या प्रतिबिंबाला आडवे येतात, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात, आणि म्हणून दिवा हलवला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. घासून जुने झालेले स्टीलचे ताट बल्बखाली धरून पाहिले, तर हीच गंमत स्वयंपाकघरातही दिसते. तेव्हा फडका सरळ फिरवला म्हणजे जाळी पडत नाही, या समजुतीत काही तथ्य नाही. फडक्याखाली कण असला, की हात कोणत्याही दिशेने गेला तरी चरा पडणारच.

हे चरे काढण्यापूर्वी आपण नेमके काय घासणार आहोत, ते समजून घ्यावे. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी आजच्या गाड्यांची रचना असते. कारखान्यातून आलेल्या या सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ढोबळमानाने ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. जाळी याच क्लिअर कोटच्या अगदी वरच्या पापुद्र्यात असते. पॉलिश करणे म्हणजे चऱ्यांच्या आजूबाजूचा भाग घासून त्यांच्या तळापर्यंत खाली आणणे. चरा भरून येत नाही, त्याच्या भोवतालचा थर कमी होतो. एका व्यवस्थित पॉलिशमध्ये एक ते तीन मायक्रॉन जातात, कंपाउंडने, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिशने, त्याहून जास्त. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करत असल्यामुळे तो फार पातळ झाला, तर काही वर्षांनी रंग पांढरट होऊन सालपटे निघू लागतात. दरवर्षी हौसेने गाडी ‘रबिंग’ला, म्हणजे अशी घासून घ्यायला, देणारे लोक म्हणूनच गाडीचे भले करत नसतात.

आता जाळी पडते कशी ते पाहू, कारण ते न बदलता पॉलिश केले तर दोन महिन्यांत गाडी पुन्हा होती तशी होते. आपल्याकडची, म्हणजे बेळगाव भागातली, धूळ एका जातीची नाही. खानापूर, जांबोटीकडे जांभ्या दगडाची तांबडी माती. अथणी, गोकाककडे काळी माती. आणि ऊस तोडणी सुरू झाली की चिकोडी-संकेश्वर भागात ट्रॉल्यांमागून जाताना उडणारा फुफाटा. रंग वेगळा असला, तरी धुळीत कमीअधिक प्रमाणात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतातच आणि क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. अशा धुळीवरून सकाळी दारात उभ्या असलेल्या गाडीला कोरडा फडका मारणे, हे जाळी पडण्याचे पहिले कारण. दुसरे कारण म्हणजे एकाच बादलीत फडका बुडवून पाच गाड्या पुसणे. तिसऱ्या कारणाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, ते म्हणजे गाडीचे कव्हर. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे जो वारा सुटतो, त्यात धुळकट गाडीवर टाकलेले सैल कव्हर दिवसभर फडफडत घासत राहते, आणि ते काम कोणत्याही फडक्यापेक्षा चोख होते.

माझ्या गाडीचे सर्वांत मोठे नुकसान मात्र खंडेनवमीला झाले आणि ते मी स्वतःच्या हाताने केले. पूजेत बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाने स्वस्तिक काढले होते, झेंडूचा हार नंबरप्लेटपासून बॉनेटपर्यंत ओढून बांधला होता, आणि त्याच थाटात आम्ही कपिलेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी वाळलेले स्वस्तिक मी जुन्या बनियनने खसाखसा पुसले. हळदीचा पिवळा डाग उन्हाने आठ-दहा दिवसांत फिका झाला. पण दसऱ्यानंतर दिव्याखाली पाहिले, तर स्वस्तिकाच्या जागी हातभर रुंदीचा चऱ्यांचा पट्टा उठला होता, आणि हाराचा दोरा जिथे वाऱ्याने हलत होता तिथे दोन लांब रेघा होत्या. पट्टा पुढे निघाला, पण त्या दोन रेघांपैकी एक आजही आहे.

तयारी आणि धुणे

काम काढण्याचा उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतरची थंडी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गाडी कोरडी राहत नाही आणि एप्रिल-मे मध्ये पत्रा इतका तापतो, की पॉलिश लावताच वाळते. गाडी सावलीत किंवा पत्र्याच्या शेडखाली घ्यावी आणि पत्रा हाताच्या पालथ्या बाजूला गार लागेपर्यंत थांबावे. छोट्या गाडीला नवख्या माणसाने पूर्ण दिवस धरावा. मला पहिल्या वेळी शनिवार संपूर्ण आणि रविवारची दुपार लागली.

धुताना चाके आधी धुवावीत, कारण तिथला ब्रेकचा भुगा आणि चिखल अंगावर उडतो. त्यांची बादली आणि फडका वेगळा असावा. मग गाडीवर भरपूर पाणी सोडून सुटी धूळ हात न लावता वाहून जाऊ द्यावी. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो गाळतात. प्रेशर वॉशर असल्यास उत्तम, नसल्यास नळी पुरते. घरात फवारणीचा हातपंप असेल, तर त्यात शाम्पूचे पाणी भरून गाडीवर मारावे आणि ते वाळण्याआधी धुऊन टाकावे. फक्त शेतात औषध मारलेला जुना पंप त्यासाठी घेऊ नये.

त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून गाडीचा एक भाग धुवावा, मग मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून पिळावा आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालावा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी प्लास्टिकची जाळी ठेवली, तर खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि शेवटी दरवाजांच्या खालचा पट्टा, असे वरून खाली यावे. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलेल्या गाडीचा हा खालचा पट्टा तांबड्या चिखलाने लिंपलेला असतो. त्याला दुसरा मोजा लावावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, कारण ती गाडीवरचे मेण काढून टाकते आणि तिचे न विरघळलेले कण मोज्यात अडकतात.

बोअरच्या पाण्याविषयी वेगळे सांगायला हवे. ज्या भागात नळ रोज येत नाही, तिथे गाडी बोअरच्याच पाण्याने धुतली जाते आणि ते पाणी पत्र्यावर वाळले, की क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात. राकसकोप किंवा हिडकल धरणाचे नळाचे पाणी शेवटच्या खळबळीसाठी बादलीभर राखून ठेवता आले तर ठेवावे. पडलेले ताजे डाग पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या कापडाने टिपल्यास बहुतेक निघतात. नंतर ती जागा लगेच धुवावी. पाणी टिपण्यासाठी जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून अलगद ओढावा, घासू नये.

हाताला लागणारी खरखर

धुऊन स्वच्छ झालेल्या गाडीवरही न दिसणारी घाण चिकटलेली असते. ती ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटे पत्र्यावरून फिरवणे. पिशवीमुळे खरखर स्पष्ट जाणवते. गुळगुळीत काचेऐवजी बारीक रव्यावरून हात फिरल्यासारखे वाटते. उद्यमबाग, मच्छे परिसरात कामाला जाणाऱ्यांच्या गाड्यांवर ही खरखर विशेष आढळते, कारण फाउंड्री आणि ग्राइंडिंगच्या कामातून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. रेल्वे रुळांजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाडीचीही तीच गत असते. पांढऱ्या गाडीवर ते तपकिरी ठिपक्यांच्या रूपात उघड दिसतात.

त्यावर आयर्न रिमूव्हर नावाचे द्रावण फवारावे. लोखंड असलेल्या जागी ते जांभळे होऊन ओघळते आणि एवढे लोखंड आपण घेऊन फिरत होतो, याचे पहिल्या वेळी नवलच वाटते. त्याला उग्र वास येतो, म्हणून मोकळ्या हवेत वापरावे आणि वाळण्याआधी धुवावे. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने निघतात. तरीही खरखर उरल्यास क्ले बार घ्यावा. हा मातीसारखा मळता येणारा गोळा असतो. पत्रा शाम्पूच्या पाण्याने सतत ओला ठेवून तो हलक्या हाताने फिरवावा, मळका भाग आत दुमडत राहावे. गोळा जमिनीवर पडला, तर तो कितीही महाग असला तरी टाकून द्यावा, कारण त्याला चिकटलेला एक खडा पुढच्या हातात रंगाची वाट लावतो. क्ले बारमुळे थोडे नवे बारीक चरे पडतातच. पॉलिश करायचे नसेल, तर तो विनाकारण वापरू नये.

काय निघेल आणि काय नाही

गाडी कोरडी झाली, की एलईडी टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा पत्र्यापासून हातभर अंतरावर तिरका धरून एकेक भाग तपासावा. चऱ्यावरून नख आडवे हळूच फिरवावे. नख अडकले, तर तो चरा पॉलिशने निघणारा नाही. त्याच्या कडा मऊ होऊन तो कमी उठून दिसेल, इतकेच. तो पूर्ण काढण्याच्या नादात क्लिअर कोट संपतो आणि मग संपूर्ण भाग रंगवावा लागतो. माझ्या हाराच्या दोऱ्याची दुसरी रेघ मी याच कारणाने तशीच ठेवली आहे.

जुन्या गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगावर, कधी कधी क्लिअर कोट नसतोच. गाडीच्या आड कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश घासून पाहावे. कापडावर गाडीचाच रंग उतरला, तर आपण थेट रंगाचा थर घासत आहोत, हे समजून फार सावध राहावे. एखादा दरवाजा पूर्वी अपघातात पुन्हा रंगवलेला असेल, तर तिथला थर कारखान्याच्या थरापेक्षा जाड किंवा मऊ असू शकतो आणि तो वेगळा वागतो. रंगाची जाडी मोजणारे यंत्र चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे असते. शंका असल्यास त्याच्याकडून मोजून घ्यावे. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश करू नये. एकदा चमक आली, की तो डाग कायमचा राहतो.

तपासणीनंतर रबर, काळे प्लास्टिक, नावाची अक्षरे आणि दिव्यांच्या कडा यांवर मास्किंग टेप लावावी. पॉलिशचा थेंब खरखरीत काळ्या प्लास्टिकवर वाळला, तर पांढरा डाग राहतो आणि तो काढताना कंबर मोडते. बॉनेटच्या उठावदार रेघा आणि दरवाजांच्या कडा यांवरही टेप लावावी, कारण धारेवर रंग सर्वांत पातळ बसलेला असतो आणि यंत्राचा सगळा जोर तिथे एकवटतो. हातातले घड्याळ, अंगठी, कडे आणि पट्ट्याचे बक्कल काढून ठेवावे. बॉनेटवर वाकून तासभर काम करताना बक्कल काय करते, ते निराळे सांगायला नको.

यंत्राने पॉलिश

आपल्या गॅरेजांमध्ये फार काळ चालत आलेले यंत्र म्हणजे रोटरी. त्याचे पॅड एकाच अक्षावर गरगर फिरते. ते झपाट्याने कापते, पण शिकाऊ हातात एका जागी क्षणभर जास्त थांबले, तर रंग जळतो, आणि कुशल हाताकडूनही उन्हात तरंगणारे ढगाळ पट्टे मागे राहू शकतात. घरी काम करणाऱ्याने ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजेच डीए पॉलिशर घ्यावा. त्याचे पॅड फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही आणि जास्त दाब पडला, की पॅडचे फिरणे आपोआप मंदावते. सातशे-नऊशे वॅटचे हे यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नये. वीज गेली की चहा घ्यावा.

सगळ्यात आधी बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखून चाचणी घ्यावी. ही चाचणी वगळणाऱ्याने पॉलिशच करू नये, असे मी म्हणेन. सुरुवात नेहमी सौम्य जोडीने करावी: मऊ फोमचे पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश. चौकोन पूर्ण करून पुसावा आणि दिव्याखाली पाहावा. जाळी निघाली असेल, तर संपूर्ण गाडीला तेवढेच पुरते. निघाली नसेल, तर आधी पॅड मध्यम कठीण घ्यावे आणि पॉलिश तेच ठेवावे; तरीही न निघाल्यास कंपाउंडकडे वळावे आणि त्यानंतर पुन्हा फिनिशिंग पॉलिशचा हात द्यावा. काही गाड्यांचा क्लिअर कोट कठीण, काहींचा मऊ असतो. शेजाऱ्याच्या गाडीला चाललेली जोडी आपल्याला चालेलच, असे नाही, म्हणून दुकानदाराच्या आग्रहापेक्षा त्या चौकोनाचे ऐकावे.

प्रत्यक्ष कृती अशी. नव्या पॅडवर पॉलिश बोटाने पातळ चोळून घ्यावे, नंतर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब टाकावेत. यंत्र बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून चौकोनभर थेंब पसरवावेत, मग सर्वांत कमी वेगावर एकदा फिरवावे. हा क्रम उलटा केला, तर पॉलिशचे शिंतोडे भिंतीपर्यंत उडतात. त्यानंतर यंत्रावरचा वेगाचा आकडा चार ते पाचवर नेऊन यंत्र सेकंदाला जेमतेम एक इंच सरकेल इतक्या संथपणे, आधी आडव्या आणि मग उभ्या पट्ट्यांत, प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवत न्यावे. अशा चार ते सहा फेऱ्या होतात. पॅड पत्र्याला सपाट टेकलेले असावे. पॅड ज्यावर बसते त्या यंत्राच्या बैठकीच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवावी. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली, तर पॅड नुसते थरथरते आहे आणि चरे कापले जात नाहीत, म्हणून हाताचा दाब कमी करावा. नवख्यांची चूक बहुधा दोनच ठिकाणी होते: हात फार भरभर चालतो आणि दाब फार पडतो.

दर चौकोनानंतर पत्र्याला हात लावून पाहावा. तो कोमट लागला, तर ठीक. चटका बसला, तर थांबावे. पॅडमध्ये पॉलिश आणि घासलेल्या रंगाचा लगदा साचत असतो, तो कडक ब्रशने दर दोन चौकोनांमागे झाडावा आणि पॅड ओलेचिंब झाले, की बदलावे. एका छोट्या गाडीला चार-पाच पॅड लागतात. दोनवर भागवायला गेल्यास शेवटचा दरवाजा पहिल्या बॉनेटसारखा होत नाही. पॉलिशची पूड नाकात जाते, म्हणून मास्क लावावा.

पुसून झाल्यावर दिसणारी चमक लगेच खरी मानू नये. पुष्कळ पॉलिशमध्ये तेल किंवा मेण असते आणि ते चऱ्यात भरून चरे तात्पुरते झाकते. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन-चार भाग पाणी असे मिश्रण मायक्रोफायबरवर मारून ती जागा पुसावी आणि मगच दिवा तिरका धरावा. जे उरले असेल, ते आता दिसेल. हे द्रावण ज्वालाग्राही असल्याने जवळपास उदबत्ती किंवा शेगडी असू नये, आणि नुकत्याच रंगवलेल्या भागावर ते लावू नये.

हा खर्च आणि खटाटोप नको असणाऱ्याने फोमच्या हाती पॅडने फिनिशिंग पॉलिश लावले, तरी चालते. वीतभर जागा घेऊन तीन-चार मिनिटे मध्यम दाबाने उभे-आडवे घासावे. जाळी निम्मी उतरली, तरी हाताने केलेल्या कामाला ते यश म्हणावे. पूर्ण बॉनेट झाल्यावर दंड दुखतो आणि यंत्राची किंमत वाजवी वाटू लागते. टूथपेस्ट मात्र लावू नये. तिच्यात घासणारे कण असतात हे खरे, पण ते गाडीच्या रंगासाठी बेतलेले नसतात, आणि एक चरा झाकताना ती त्याच्याभोवती धूसर ठिपका करून ठेवते.

काम बाहेर द्यायचे असल्यास तीन गोष्टी आधी विचाराव्यात: यंत्र कोणते वापरणार, चाचणीचा चौकोन करून दाखवणार का, आणि अल्कोहोलने पुसून दिव्याखाली गाडी दाखवणार का. दोन-तीन तासांत पूर्ण गाडीची जाळी काढून देतो, असे सांगणारा बहुधा चरे भरणारे मेणच लावणार असतो. ती चमक तीन-चार धुण्यांत उतरते. सिरॅमिक कोटिंग केल्याने चरे नाहीसे होतात, असेही कोणी सांगेल. पारदर्शक कोटिंगखाली असलेली जाळी तशीच दिसत राहते, उलट कोटिंग आहे तोवर ती काढताही येत नाही. कोटिंग करायचेच असेल, तर आधी पॉलिश आणि मग कोटिंग, हाच क्रम हवा.

झाकण आणि निगा

पॉलिश केलेला पत्रा उघडा ठेवू नये. कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. त्याने गडद रंगाला खोल, ओलसर झळाळी येते, पण आपल्या उन्हा-पावसात ते एक-दोन महिने टिकते. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने साथ देते, लावायला सोपे असते आणि माझ्या मते घरच्या गाडीला तेच पुरे आहे. मेच्या अखेरीस त्याचा एक हात पुन्हा दिला, म्हणजे पावसाळाभर चिखल घट्ट चिकटत नाही. सिरॅमिक कोटिंग दीर्घकाळ टिकते, मात्र लावल्यावर निदान पहिला दिवस तरी त्याला पाण्यापासून जपावे लागते. यांपैकी कशानेही धुळीचे चरे थांबत नाहीत; घाण सहज सुटते, एवढाच लाभ.

म्हणून फडका सोडणे भाग आहे. रोज पुसण्याची सवय असणाऱ्या घरात हे पटवणे कठीण जाते. आमच्या गल्लीत पहाटे गाड्या धुणाऱ्या मुलाला मी म्हटले, “फडका नको मारूस, नुसते पाणी मारून सोड.” तो म्हणाला, “पुसली नाही तर धुतलीच नाही म्हणून मालक वरडतात की ओ, काका.” त्याचे खरे होते. मी त्याला दोन बादल्या आणि एक मोजा घेऊन दिला, आठवड्यातून दोनदाच धुवायला सांगितले आणि पैसे पूर्वीइतकेच ठेवले. मधल्या दिवशी गाडी धुळकट दिसते, ती दिसू द्यावी. मायक्रोफायबरची कापडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत, त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये, आणि जमिनीवर पडलेले कापड चाकांच्या बादलीत टाकावे. पक्ष्याची विष्ठा दिसताच पाण्याने भिजवून उचलावी. उन्हात ती काही तासांतच क्लिअर कोटवर ठसा उमटवते. कव्हर फक्त धुतलेल्या गाडीवर, तेही नीट बसणारे असेल तरच घालावे.

खंडेनवमीला आमच्याकडे पूजा आता थोडी वेगळी होते. गाडी सकाळीच धुतलेली असते. हळदी-कुंकवाचे स्वस्तिक समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात काढतो, कारण काच क्लिअर कोटपेक्षा खूप कठीण असते आणि काचेवरचे कुंकू पाण्याने सहज निघते. हार बॉनेटवर न टाकता पुढच्या ग्रिलला बांधतो आणि गाडी हलवण्याआधी सोडून ठेवतो. नारळ गाडीवर न फोडता बाजूच्या दगडावर फोडतो आणि पाण्याचे शिंतोडे उडालेच, तर लगेच भरपूर पाणी ओततो. आईने पहिल्या वर्षी विचारले होते, “बॉनेटवर का नाही काढलंस?” मी तिला टॉर्च देऊन बॉनेटवरची ती उरलेली रेघ दाखवली. तिने ती दोनदा बोटाने चाचपली आणि कुंकवाची वाटी काचेकडे सरकवली.